‘एकत्र करणे’ला इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद? गॅदर, कलेक्ट, जॉइन, मर्ज आणि त्यांचे भाऊबंद

आपण सरपण गोळा करतो, वर्गणी गोळा करतो, माहिती गोळा करतो, आणि ग्रामसभेला माणसंही गोळा करतो. गावाकडे ‘गोया’ म्हणा की पुस्तकात ‘गोळा’, मराठीला एवढ्या सगळ्यासाठी हा एक शब्द पुरतो. इंग्रजीत लिहायची वेळ आली की माणूस शब्दकोश उघडतो. तिथे एकाच ओळीत गॅदर, कलेक्ट, असेंबल, अक्युम्युलेट, युनाइट असे पाच-सहा शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. स्वल्पविरामामुळे ते सारख्याच मापाचे वाटतात आणि गफलत तिथेच होते.

शब्द निवडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: काम उरकल्यावर समोर काय दिसतं? सुट्या वस्तूंचा ढीग असेल तर एक गट, सांधलेली वस्तू असेल तर दुसरा, मिश्रण झालं असेल किंवा मूळचं काहीच वेगळं ओळखू येत नसेल तर तिसरा. माणसांचा गट वेगळाच, कारण माणसं स्वतःच्या पायाने येतात. बाकी बारकावे आहेतच, पण या प्रश्नाने निम्मे शब्द बाद होतात.

ढीग होतो तेव्हा: गॅदर आणि कलेक्ट

‘गॅदर’ म्हणजे पसरलेलं, विखुरलेलं जवळ घेणं. वारा सुटला, अंगणातले कागद उडाले आणि ते पटापट उचलले, तर ‘शी गॅदर्ड द पेपर्स’. ‘कलेक्ट’मध्ये पद्धत असते. दारोदार जाऊन, यादी धरून, एकेकाकडून किंवा एकेका ठिकाणाहून घेणं म्हणजे कलेक्ट. कर, वर्गणी, कचरा, रक्ताचे नमुने, दूध डेअरीचं दूध ही सगळी कामं कलेक्टची. सरपणाला दोन्ही चालतात, पण वर्गणीला ‘गॅदर’ लावलं की इंग्रजी वाचणारा अडखळतो.

माहितीच्या बाबतीत हा फरक छान दिसतो. चार जणांना विचारून, इकडून तिकडून जे कळलं ते ‘गॅदर इन्फर्मेशन’. छापील फॉर्म घेऊन दोनशे घरं फिरलात तर ‘कलेक्ट डेटा’. प्रकल्प अहवालात दुसरं लिहायचं असतं आणि विद्यार्थी पहिलं लिहून मोकळे होतात. मग परीक्षकाला वाटतं, यांनी पारावर बसून गप्पा मारल्या.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं मिळवली. तो संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. त्यांच्या कामाला इंग्रजीत ‘कलेक्ट’च म्हणायचं, कारण शोधणं, पारखणं आणि ठेवून घेणं हे तिन्ही त्या शब्दात बसतं. नाणी, तिकिटं, जुनी भांडी जमवण्याचा छंद असेल तरी हाच शब्द.

‘कलेक्ट’चा एक अर्थ मात्र आपल्याला हमखास चकवतो. ‘कलेक्ट युअर हॉल टिकेट फ्रॉम द ऑफिस’ यात गोळा करण्यासारखं काही नसतं. एकच कागद, तो घेऊन जायचा. पोराला शाळेतून आणणं हेही ‘कलेक्ट’, रोजच्या बोलण्यात ‘पिक अप’. म्हणजे कलेक्टचं कर्म एकच वस्तू किंवा एकच माणूस असेल तर मराठीत ‘घेऊन येणे’ किंवा ‘घेऊन जाणे’ समजायचं.

कापसाच्या वेचणीला मात्र यातलं एकही नको. झाडावरून बोंडातला कापूस वेचणं म्हणजे ‘पिक कॉटन’. ‘पिक अप कॉटन’ लिहिलंत तर खाली पडलेला कापूस उचलला असा अर्थ होईल. क्रम असा: ‘द कॉटन इज पिक्ड, कलेक्टेड इन सॅक्स अँड वेड’. वेचला, गाठोड्यांत गोळा केला, काट्यावर तोलला. तीन कामांना तीन क्रियापदं.

हळूहळू, आपोआप साचत जाणाऱ्या गोष्टीला ‘अक्युम्युलेट’: कर्जाचं व्याज, शिल्लक रजा, धरणातला गाळ. ‘अमॅस’ म्हणजे प्रचंड प्रमाणात जमवणं. संपत्तीबद्दल वापरला तर त्यात किंचित नाक मुरडणं येतं, म्हणून स्वतःच्या बायोडाटात तो नको. शेताच्या खोलगट भागात पाणी साचतं त्याला ‘वॉटर कलेक्ट्स इन द लोअर पार्ट ऑफ द फील्ड’ म्हणतात. इथे करणारा कोणी नसतो, तरी वाक्य बरोबर आहे. आणि फाइल धूळ खात पडली असेल तर त्याला तयार वाक्प्रचार आहे: ‘द फाइल इज गॅदरिंग डस्ट’.

पैसे जमवणे: इथे पाच वाटा फुटतात

‘पैसे जमवले’ हे मराठी वाक्य इंग्रजीत नेण्याआधी विचारा: कोणाचे पैसे, कोणी जमवले, कशासाठी?

स्वतःच्या कमाईतून बाजूला टाकले तर ‘सेव्ह’ किंवा ‘सेव्ह अप’. ‘ही सेव्ह्ड अप फॉर अ मोटरसायकल.’ इथे कलेक्ट म्हटलं की तो लोकांकडून मागत फिरला असं वाटतं. खानदेशातली देवी कानबाई, तिच्या उत्सवाची किंवा गणपतीची वर्गणी दारोदार घेतली तर ‘कलेक्ट’, आणि ज्याच्याकडून घेतली त्याच्या आधी ‘फ्रॉम’. एखाद्या कामासाठी ठरावीक रक्कम उभी केली तर ‘रेझ’: ‘दे रेझ्ड फिफ्टी थाउजंड रुपीज फॉर द लायब्ररी’. कलेक्टमध्ये दारं मोजली जातात, रेझमध्ये शेवटची बेरीज. भिशी, बचत गट, किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेलं मळणी यंत्र असेल तर ‘पूल’: प्रत्येकाने आपला वाटा एकाच ठिकाणी टाकला आणि वापर सगळ्यांचा. ‘पूल’ला आपल्याकडे चपखल एकशब्दी प्रतिशब्द नाही, म्हणून तो कोणाला सुचत नाही. बँकेच्या कर्ज प्रस्तावात मात्र तोच शोभतो. पाचवी वाट ‘होर्ड’ची. ती साठेबाजी, तिच्यात चांगला अर्थ नाही.

माणसं जमतात आणि जमवली जातात

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष पंडित नेहरू. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं हे पहिलं अधिवेशन. ही एकच घटना इंग्रजीत सांगताना क्रियापद कर्त्याबरोबर बदलतं, ते पाहा.

‘द काँग्रेस मेट ॲट फैजपूर.’ संस्था, समिती, मंडळ बैठकीला बसतं तेव्हा ‘मीट’. इथे कर्म लागत नाही.

‘डेलिगेट्स असेंबल्ड फ्रॉम मेनी प्रॉव्हिन्सेस.’ ज्यांना येणं भाग आहे, ज्यांची जागा आणि वेळ ठरलेली आहे, त्यांचं जमणं म्हणजे ‘असेंबल’. शाळेतली प्रार्थनेची रांग म्हणूनच ‘असेंब्ली’.

‘व्हिलेजर्स गॅदर्ड टू लिसन.’ गावकरी आपण होऊन आले, कोणी हजेरी घेतली नाही. गर्दीला नेहमी ‘गॅदर’.

अधिवेशन ज्यांनी बोलावलं त्यांच्यासाठी ‘कन्व्हीन’ किंवा साधं ‘कॉल’. ग्रामसभेच्या इंग्रजी इतिवृत्तात ‘अ मीटिंग वॉज कन्व्हीन्ड’ चालतं. बोलताना ‘द सरपंच कॉल्ड अ मीटिंग’ पुरे. ‘समन’ मात्र हुकमाचा शब्द आहे, कोर्टाच्या समन्सचा सख्खा भाऊ. पाहुण्यांना तो लावू नका.

‘द सरपंच कलेक्टेड द व्हिलेजर्स’ हे वाक्य परीक्षेच्या पेपरांत वरचेवर दिसतं. व्याकरण बिनचूक आणि चित्र भलतंच: सरपंचांनी गावकरी पोत्यात भरून आणले. त्याऐवजी ‘कॉल्ड द व्हिलेजर्स टुगेदर’ किंवा ‘गॉट द व्हिलेजर्स टुगेदर’ लिहा. ‘राउंड अप’ तर गुरांसाठी आणि पोलिसांनी धरलेल्या संशयितांसाठी, तेव्हा कार्यकर्त्यांना तोही नको.

दुसरी नेहमीची चूक काळाची. ‘लोक जमले होते’चं आपण ‘पीपल वेअर गॅदर्ड’ करतो. लोक जमलेल्या अवस्थेत उभे होते एवढंच सांगायचं असेल तर ते चालतं. जमण्याची क्रिया आधी घडली होती हे सांगायचं असेल तर ‘हॅड गॅदर्ड’. शंका आली तर दुसरं लिहा, ते सहसा अडत नाही.

श्रावणात कानबाईला बाहेरगावी नोकरीला असलेले भाऊबंद घरी येतात, त्याला ‘द फॅमिली गेट्स टुगेदर फॉर कानबाई’ म्हणा. ‘गेट टुगेदर’ घरगुती आहे. ‘कम टुगेदर’मध्ये काहीतरी बाजूला ठेवून एक होणं येतं. पाणीटंचाईत दोन पक्ष एकत्र आले तर हा शब्द. ‘रीयुनाइट’साठी आधी ताटातूट झालेली हवी. दरवर्षी न चुकता भेटणाऱ्यांना तो लावला तर मध्यंतरी भांडण झालं होतं की काय, अशी शंका येते. आणि खरंच भाऊ भाऊ दुरावले असतील, पंचांनी समेट घडवला असेल, तर ‘रेकन्साइल’.

‘मीट’चं कर्म थेट येतं: ‘आय मेट द तलाठी’. ‘मीट विथ’ अमेरिकन वळणाच्या इंग्रजीत ठरवून केलेल्या औपचारिक भेटीला वापरतात. आपल्याकडे तो ‘मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’मध्ये पक्का बसला आहे, म्हणून तलाठ्याला ‘विथ’ लावताना जरा जपून.

लग्न जमवणं या यादीत मुळीच येत नाही, त्याला ‘अरेंज’. ‘मला पोहायला जमतं’ हे तर ‘कॅन’चं काम. ‘जमणे’ दिसलं की गॅदर, असं समीकरण मांडू नका.

एक गंमत. रोजगार हमीचं ‘मस्टर’ आपल्याकडे घराघरात माहीत आहे. मूळ इंग्रजी ‘मस्टर’ म्हणजे सैनिकांना मोजणीसाठी एका ठिकाणी उभं करणं. त्यातूनच ‘मस्टर करेज’ आला: होतं नव्हतं तेवढं धैर्य हजेरीला उभं करणं.

सांधा पडतो तेव्हा: जॉइन, कनेक्ट, अटॅच, असेंबल

इथे ठिबकचा संच डोळ्यांसमोर ठेवा. केळीच्या बागेत निंदणी करताना विळा लागून सोळा मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली बारीक नळी, तुटली. दोन टोकं जॉइनर घालून सांधली: ‘जॉइन द टू कट एंड्स विथ अ जॉइनर’. दोन टोकं, एक सांधा, पुन्हा एक नळी. जॉइनचं चित्र हेच.

ती लॅटरल सबमेनला, म्हणजे तिला पाणी देणाऱ्या जाड नळीला, जोडली: ‘कनेक्ट द लॅटरल टू द सबमेन’. कनेक्टमध्ये सांध्यापेक्षा सांध्यातून काय जातं याला महत्त्व: पाणी, वीज, आवाज, प्रवासी, माहिती. म्हणून मोटर स्टार्टरला ‘कनेक्ट’ करतात, ‘जॉइन’ करत नाहीत.

फिल्टरचे सुटे भाग सांगितलेल्या क्रमाने बसवून फिल्टर उभा केला तर ‘असेंबल द फिल्टर’. क्रम चुकला तर वस्तू चालत नाही, हा असेंबलचा कस. नुसते भाग एका ठिकाणी ठेवले तर ते ‘गॅदर ऑल द पार्ट्स’, आणि माहितीपुस्तिकेत ही पायरी असेंबलच्या आधी येते. टोकाला एंड कॅप बसवणं म्हणजे ‘फिट’. तयार संच शेतात मांडून चालू करून देणं म्हणजे ‘इन्स्टॉल’.

आणि ‘फिक्स’? आपण सर्रास म्हणतो, फिल्टर फिक्स केला. भारतातल्या इंग्रजीत ते समजतं. पण परदेशी कंपनीला मेलमध्ये ‘वी फिक्स्ड द फिल्टर’ लिहिलंत तर तिकडचा माणूस समजेल, फिल्टर बिघडला होता आणि तुम्ही दुरुस्त केला. लगेच विचारेल, काय बिघडलं होतं? ‘फिटेड’ किंवा ‘इन्स्टॉल्ड’ लिहा, पत्रव्यवहार वाचेल.

‘अटॅच’मध्ये एक मोठं आणि एक लहान असतं. लहान वस्तू मोठीला लागते, आणि मध्ये ‘टू’ येतो. ‘अटॅच द लेबल टू द बॉक्स.’ ‘विथ’ नको. ‘लिंक’ला प्रत्यक्ष सांधा लागत नाही, नुसता संबंध पुरतो. आधार बँक खात्याला ‘लिंक’ होतं, ‘अटॅच’ नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्यायला ‘ॲड मी टू द ग्रुप’. ‘इन द ग्रुप’ आपल्या ‘मध्ये’मुळे तोंडी येतं.

नद्या आणि रस्त्यांचीही तीच तऱ्हा. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकमेकींना मिळतात: ‘द तापी अँड द पूर्णा मीट ॲट चांगदेव’. दोघींना समान मान दिला. ‘द पूर्णा जॉइन्स द तापी’ म्हटलं की पूर्णा उपनदी ठरते, आणि ते भूगोलाला धरून आहे. उलट लिहिलं तर मार्क जातील. सुरतकडून आलेला लोहमार्ग जळगावला मुख्य मार्गाला मिळतो, तो ‘जॉइन्स द मेन लाइन’. तोच मार्ग जळगाव आणि सुरत यांना ‘कनेक्ट’ करतो. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदून पुढे जातात, म्हणून तिथे ‘क्रॉस’. मिळाले आणि संपले असं काही होत नाही.

नोकरीतला ‘जॉइन’ अगदी साधा असूनही सर्वांत जास्त चुकतो. कंपनी, कॉलेज, सैन्य, पक्ष यांना थेट जॉइन करतात: ‘ही जॉइन्ड द कंपनी ॲज अ क्लार्क’. मध्ये ‘इन’, ‘टू’, ‘विथ’ काही नको. ‘जॉइन इन’ वेगळा आहे. चालू असलेल्या गाण्यात, खेळात सामील होणं म्हणजे ‘जॉइन इन’. ‘आय वॉन्ट टू जॉइन इन युअर कंपनी’ हे त्यामुळे तुमच्या कंपनीत भजन चाललंय आणि मलाही सूर लावायचाय, असं ऐकू येतं.

मिसळतं तेव्हा: मिक्स, ब्लेंड, कम्बाइन

कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत अख्खे उडीद घालतात. चाराला एक धरू. ‘मिक्स फोर पार्ट्स ज्वारी विथ वन पार्ट ब्लॅक ग्रॅम.’ मिसळलं तरी दाणे अजून वेगळे दिसतात, हवं तर निवडता येतील. मिक्सला तेवढं पुरतं. जात्यातून पीठ निघालं की निवडणं संपलं. पण दळण्याला इंग्रजीत ‘ग्राइंड’, तिथे ब्लेंडही नाही आणि मिक्सही नाही. आपल्या ‘मिक्सर’ या शब्दाने इथे घोळ घातला आहे: शेवभाजीचा मसाला मिक्सरमध्ये वाटतो म्हणून तो ‘मिक्स’ होत नाही, ‘ग्राइंड’ होतो.

‘ब्लेंड’मध्ये दोन गोष्टी: मिश्रण एकजीव, आणि ते जाणूनबुजून केलेलं. सूतगिरणीत वेगवेगळ्या गाठींतला कापूस ठरावीक प्रमाणात एकत्र घेतात, म्हणजे धागा शेवटपर्यंत एकसारखा निघतो. त्याला ‘ब्लेंडिंग’ म्हणतात. शेतातच कोरड्या कापसात ओला गेला तर ते ‘मिक्स’, आणि वजन वाढावं म्हणून मुद्दाम काही घातलं तर ‘अडल्टरेट’. तिन्ही वेळा कापसात काहीतरी मिसळलंच. बाजारात भाव मात्र तीन तऱ्हेचा मिळेल.

युरिया पाण्यात टाकला तर ‘डिझॉल्व्ह’, कारण तो विरघळून दिसेनासा होतो. फवारणीची पाण्यात मिसळणारी पावडर बहुतेक वेळा विरघळत नाही, तरंगत राहते. तिला ‘मिक्स’ म्हणायचं आणि पंपात ओतताना ‘स्टर’ करत राहायचं. डब्यावर ‘डायल्यूट’ लिहिलं असेल तर पाणी घालून पातळ करायचं आहे. ‘डू नॉट मिक्स विथ…’ पुढे जे नाव असेल ते औषध एकाच टाकीत घालायचं नाही. या ओळी इंग्रजीच्या पेपरपेक्षा पिकासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत.

‘कम्बाइन’ दोन ठिकाणी उपयोगी. पाककृतीत ‘कम्बाइन’ म्हणजे सगळं एका भांड्यात घ्या, घोटत बसू नका. आणि दोन वेगळ्या गोष्टी आपापली ओळख राखून एकमेकींच्या जोडीला आल्या तर: ‘शी कम्बाइन्स फार्मिंग विथ टीचिंग’. शेती शेतीच राहिली, शिकवणं शिकवणंच. शेवटी एक इशारा: ‘मिक्स अप’ म्हणजे मिसळणं नाही, गल्लत करणं. ‘आय मिक्स्ड अप द टू बॉटल्स’ हे वाक्य औषधाच्या दुकानात ऐकू आलं तर औषध घेऊ नका.

मर्ज: एक उरतं, दुसरं नाहीसं होतं

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या दिवसापासून हैदराबादची पाटी उतरली. हे ‘मर्ज’. दोन बँकांनी नुसती मिळून योजना काढली असती तर ‘जॉइन हँड्स’. ‘मर्ज विथ’ आणि ‘मर्ज इनटू’ दोन्ही चालतात. लहान मोठ्यात गेलं हे ठसवायचं असेल तर ‘इनटू’.

एक्सेलमध्ये मर्जचा हा स्वभाव हातोहात कळतो. नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात, आणि दोन्ही रकाने निवडून ‘मर्ज’ दाबलं, तर डावीकडच्या वरच्या रकान्यातला मजकूर राहतो आणि बाकीचा जातो. मजकूर जोडायचा असेल तर सूत्र वापरून ‘कम्बाइन’ करावा लागतो. ऑफिसात ‘याद्या मर्ज करा’ असा निरोप आला की आधी विचारून घ्या: एकाखाली एक लावायच्या, की दुबार नावं काढून एक करायच्या?

‘युनाइट’ला हेतू लागतो. प्रांत, संघटना, लोक एका कारणासाठी एक झाले तर युनाइट. याद्या, बँका, फाइली यांना तो फार भारदस्त होतो. खानदेशाला तर उलट्या क्रियापदांचाच अनुभव जास्त: १९०६ साली जिल्हा पूर्व आणि पश्चिम असा ‘स्प्लिट’ झाला, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार ‘कार्व्ह आउट’ केला गेला.

कागदपत्रं आणि अर्ज

अनेक ठिकाणची माहिती एका दस्तऐवजात आणणं म्हणजे ‘कम्पाइल’. आधी ‘कलेक्ट’, मग ‘कम्पाइल’. तालुकावार आकडे मागवून ते पडताळून ओळीने लावले तर ‘कोलेट’. तोंडी सांगताना दोन्हींऐवजी ‘पुट टुगेदर’ निभावून नेतं.

आता नोकरीच्या अर्जातल्या तीन ओळी दुरुस्त करू. ‘आय ॲम अटॅचिंग माय मार्कशीट विथ धिस मेल’: ‘विथ’च्या जागी ‘टू’, किंवा नुसतं ‘आय हॅव अटॅच्ड माय मार्कशीट’. ‘आय हॅव कलेक्टेड टू इयर्स एक्स्पीरियन्स’: अनुभव दारोदार मिळत नाही, ‘आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’, किंवा मिळवला म्हणायचंच असेल तर ‘गेन्ड’. ‘आय कॅन जॉइन टू युअर ऑफिस इमिजिएटली’: ‘टू युअर ऑफिस’ काढून टाका, ‘आय कॅन जॉइन इमिजिएटली’ एवढंच ठेवा.

उत्तर ‘आय गॅदर यू आर स्टिल इन जळगाव’ असं आलं तर बुचकळ्यात पडू नका. हा ‘गॅदर’ म्हणजे ‘मला असं कळतंय’. तुम्ही अजून जळगावातच आहात असं दिसतंय, एवढंच तो म्हणतोय.

राहिला ‘टुगेदर’. ‘कम्बाइन टुगेदर’, ‘मर्ज टुगेदर’, ‘कलेक्ट टुगेदर’ यांत तो फुकट आहे, खोडा. ‘जॉइन टुगेदर’, ‘गॅदर टुगेदर’ ऐकायला मिळतं, खोडलं तरी बिघडत नाही. ‘गेट’, ‘पुट’, ‘कम’, ‘ब्रिंग’, ‘कॉल’ यांच्यापुढचा मात्र हलवू नका. ‘द सरपंच कॉल्ड द व्हिलेजर्स टुगेदर’मधून तो काढलात तर सरपंचांनी गावकऱ्यांना नुसती हाक मारली किंवा फोन केला, एवढंच उरतं.